पेंढा भरलेली मढी, म्हणे!

बडोद्याच्या मराठी घराघरांत सध्या एक संदेश फिरतोय. टॅक्सिडर्मी, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं कमावून तो हुबेहूब उभा करण्याची कला, आणि प्राणिशिल्प यांच्याकडे वळू पाहणाऱ्या मुलांना त्यात बजावलंय: संग्रहालयातले प्राणी म्हणजे पेंढा भरलेली मढी, त्यासाठी जनावरं मारतात, नामशेष प्राण्यांचे पुतळे ही शुद्ध थाप, आणि शास्त्रज्ञ आता मेलेल्या जातीच जिवंत करू लागलेत, तेव्हा हा धंदा संपला. आमच्या घरात या कामाचा ध्यास घेतलेली मुलगी आहे. गप्प बसणं शक्य नाही.

आत मढं नसतंच. कातडं सोलून, मीठ लावून, कमावून पातळ करतात. मापं घेऊन प्राणी मातीत घडवायचा, साचा काढायचा, फायबरग्लासचं किंवा फोमचं धड ओतायचं आणि त्यावर कातडं चढवायचं. काचेच्या डोळ्याभोवती पापणीची कड सुईने बसवतात. ती जरा ढळली की वाघ घाबरलेला दिसतो. ओठ आत खोचायचे, कान वाळताना आक्रसू नयेत म्हणून पुठ्ठा टाचायचा, नाकाचा उडालेला रंग परत भरायचा. खांद्याचा स्नायू कुठून कुठे जातो हे ठाऊक नसेल, तर यातलं काही जमत नाही.

मारण्याचं म्हणाल, तर तो संस्थानी शिकारीचा काळ गेला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दार बंद केलं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ साली सुरू झालेलं केंद्र मेलेल्या प्राण्यांवरच काम करतं.

थापेचा आरोप मला सर्वांत झोंबला. नामशेष झालेला डोडो पक्षी कातड्या-पिसांसह पूर्ण असा जगात कुठेच जपलेला नाही. ऑक्सफर्डला फक्त डोकं आणि पाय आहे. संग्रहालयांतले डोडो घडवलेले, वर दुसऱ्याच पक्ष्यांची पिसं. पण त्याखालची ठेवण हाडांवरून येते. आपल्याच गुजरातेत बालासिनोरजवळ रहियोलीला राजासॉरस हा डायनासोर सापडला, २००३ साली त्याचं नामकरण झालं. कवटीचा मागचा भाग, कणा, कंबर, पायाची हाडं एवढंच हाती होतं. स्नायू जिथे चिकटतात तिथे हाडावर खुणा राहतात, त्या वाचत शिल्पकार मांस चढवतो. रंग मात्र अंदाजाचा, आणि चांगला शिल्पकार ते लपवत नाही.

राहिली जिवंत करण्याची गोष्ट. २०२५मध्ये गाजलेले ‘डायर वुल्फ’, म्हणजे नामशेष लांडग्याची जात परत आणली म्हणून दाखवलेले प्राणी, हे खरं तर १४ जनुकांत २० बदल केलेले करडे लांडगे. आणि या शास्त्राची सुरुवात कुठे झाली ते पाहा. झेब्र्यासारखा क्वाग्गा १८८३ साली ॲमस्टरडॅमला संपला. केपटाउनचे टॅक्सिडर्मिस्ट राइनहोल्ड राऊ यांना जुनं क्वाग्ग्याचं पिल्लू नव्याने बसवताना कातड्याला चिकटलेलं सुकं मांस दिसलं. त्यांनी ते फेकलं नाही. पुढे जर्मनीतल्या माइन्झच्या संग्रहालयातल्या क्वाग्ग्यांवरच्या अशाच अवशेषांतून १९८४ साली नामशेष प्राण्याचा डीएनए जगात पहिल्यांदा वाचला गेला. क्वाग्गा हा मैदानी झेब्र्याचाच भाऊबंद हे त्यातून कळलं, आणि १९८७पासून राऊंनी त्या रूपाच्या झेब्र्यांची पैदास हाती घेतली. ज्याला संदेश संपलेला धंदा म्हणतो, त्याच धंद्यातल्या माणसाच्या हातून हे सुरू झालं.

नोकऱ्या थोड्या आहेत, हे मान्य. म्हैसूरची टॅक्सिडर्मीची नामांकित व्हॅन इंगेन पेढीही १९९९ला बंद झाली. म्हणून मुलीला सांगितलंय, इथल्या फाइन आर्ट्समध्ये शिल्पकला शिक, सोबत प्राण्यांची शरीररचना पक्की कर, आणि कमाटी बागेतल्या संग्रहालयात महीच्या मुखाशी सापडलेल्या देवमाशाचा सांगाडा आहे, त्याची रेखाटनं आत्तापासून सुरू कर.