‘शाम्पू बायोडिग्रेडेबल आहे, पाणी खुशाल गटारात सोडा’ : या सल्ल्यात काय काय चुकलंय

घरपोच गाड्या धुणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: शाम्पू बायोडिग्रेडेबल असला की पाणी रस्त्याकडेच्या जाळीत सोडायला हरकत नाही, ते शेवटी एसटीपीतच (मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातच) जातं, एका गाडीचं पाणी ते किती, जाळी नसेल तर झाडांना सोडा, माती गाळून घेते, नियम कारखान्यांना असतात, आणि फिरत्या धंद्यात पाणी गोळा करणं शक्यच नाही. ऐकायला हे पटकन पटतं, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘पाणी शेवटी एसटीपीतच जातं.’ मुंबई-पुण्यात पावसाळी गटार आणि मैलापाण्याची ड्रेनेज लाइन या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. रस्त्याच्या कडेची जाळी पावसाळी गटाराची. तिच्यातलं पाणी पुण्यात ओढ्यानाल्यांतून मुळा-मुठेत आणि मुंबईत मिठी, खाडी किंवा थेट समुद्रात जातं. हाजी अली किंवा इर्ल्याचं पर्जन्यजल उदंचन केंद्र ते पाणी फक्त उपसून समुद्रात टाकतं, शुद्ध करत नाही. काही नाले अडवून त्यांचं पाणी एसटीपीकडे वळवलेलं असतं, एवढाच या दाव्याला आधार. पण जोराचा पाऊस आला की तोही नाला वाहून पुढे जातो, आणि आपल्यासमोरची जाळी कुठल्या नाल्याला जोडली आहे हे बघून सांगता येत नाही. जिथे भुयारी गटारच नाही अशा गावांत उघडं गटार म्हणजे नालाच.

सोसायटीत मात्र ओळखता येतं. वॉचमनला सांगून तळमजल्यावरच्या बाथरूममध्ये दोन बादल्या पाणी ओतायला लावा आणि चेंबरचं झाकण उघडून बघा. ज्यात पाणी दिसलं ते ड्रेनेजचं. गच्चीवरून उतरणारा पाइप ज्यात येतो ते पावसाळी. रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. आत विषारी वायू असतो, आणि ते काम महापालिकेचं आहे.

‘शाम्पू बायोडिग्रेडेबल आहे.’ सगळ्यात मोठा गैरसमज हाच. प्रचलित चाचणीत एखाद्या रसायनाला ‘सहज विघटनशील’ म्हणतात ते 28 दिवसांत, भरपूर ऑक्सिजन आणि जिवाणू असलेल्या पाण्यात, त्याचं साधारण 60 टक्के किंवा जास्त विघटन झालं तर. जाळीपासून नदीपर्यंत पाणी काही तासांत पोचतं. तोवर फेस आणणारं रसायन जसंच्या तसं असतं आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. पुढे ते विघटन पावतं तेही पाण्यातला ऑक्सिजन खाऊन. उन्हाळ्यात जेमतेम वाहणाऱ्या नदीत तोच मुळात कमी असतो.

आणि समजा शाम्पू अगदी निरुपद्रवी निघाला, तरी गाडीवरची घाण बायोडिग्रेडेबल नसते. इंजिन ऑइल, ग्रीस, ब्रेकच्या पॅडमधून झिजलेलं तांबं, टायरमधलं जस्त हे सगळं धुऊन निघतं. शाम्पूचं कामच तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात धरून ठेवणं. त्यामुळे जे तेल एरवी वर तरंगलं असतं आणि काढता आलं असतं, ते दुधाळ होऊन पाण्याबरोबर निघून जातं. इंजिन धुताना कडक डिग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं रसायन) वापरला तर हे आणखी वाढतं.

‘एका गाडीचं पाणी ते किती?’ नदीत सोडायच्या पाण्यासाठी तेल-ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅम तेल 100 लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेतं. गळका सील असलेल्या एका गाडीचं इंजिन धुतलं तर किती ग्रॅम निघत असेल, हे धुणाऱ्याला सांगायला नको.

‘माती गाळून घेते.’ नुसत्या पाण्याने धूळ उडवली असेल तर ते पाणी हिरवळीवर सोडायला आमची ना नाही. साबणाच्या पाण्यात सोडियम असतं. त्याने काळ्या मातीतली चिकणमाती विस्कटते, भेगा-छिद्रं बुजतात आणि वर पापुद्रा धरतो. रोज त्याच आळ्यात ओतलं की पाणी मुरेनासं होतं. तेल आणि धातू तर मातीतच साठतात. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर विचारही करू नये.

‘नियम कारखान्यांना.’ 1974 च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम 24 ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं, आणि त्यात नदी-नाला, विहीर, गटार आणि जमीन हे सगळं येतं.

‘पाणी गोळा करणं शक्यच नाही.’ इथे जरा थांबू, कारण ही अडचण खरी आहे, फक्त सुटणारी आहे. छोटा प्रेशर वॉशर मिनिटाला सहा-सात लिटर पाणी सोडतो. ट्रिगर सहा मिनिटं दाबला की 40 लिटर. दोन बादल्या आणि मायक्रोफायबरने तेच काम 20 लिटरमध्ये होतं. आधी पाणी कमी करा, मग गोळा करा.

चार मीटरच्या आतल्या गाडीला 6 बाय 3 मीटरची जाड पीव्हीसी ताडपत्री पुरते. कडेला, ताडपत्री दुमडून, एसीच्या कॉपर पाइपवर चढवतात तो फोमचा पाइप घाला. चाक गेलं की दबतो, पुन्हा उभा राहतो. कडक पीव्हीसी पाइप पहिल्याच दिवशी फुटतो. आता 40 लिटर पाणी 18 चौरस मीटरवर पसरलं तर थर जेमतेम दोन मिलिमीटरचा होतो, आणि साधा सबमर्सिबल पंप तेवढं पाणी ओढत नाही. म्हणून किंचित उतार बघून ताडपत्री टाका, वायपरने पाणी खालच्या कोपऱ्यात आणा आणि वेट व्हॅक्यूमने (पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने) उचला. व्हॅक्यूमचा कागदी फिल्टर काढून स्पंजची बाही लावा. टाकी भरली की हवा बंद करणारा आतला फ्लोट फेसाने उचलला जात नाही; फेस, सरळ मोटरमध्ये शिरतो, आणि मोटर जळते ती बहुधा अशी. टाकीत आधी थोडं डिफोमर (फेस मारणारं द्रव्य) घालावं.

वजनाची काळजी उगाच केली जाते. नेलेलं पाणीच परत येतं. निळे कॅन स्वच्छ पाण्याचे, काळे घाण पाण्याचे. मोठ्या अर्धवट भरलेल्या ड्रमपेक्षा 20 लिटरचे कॅन बरे, वळणावर पाणी हिंदकळून टेम्पो ओढला जात नाही.

गोदामावर आल्यावर पाणी जाळीतून गाळून ड्रममध्ये रात्रभर निवळू द्या. वरचं तेल तेल शोषणाऱ्या पॅडने टिपा. मधलं पाणी दुधाळच राहिलं तर तेल सुटलेलं नाही: बादलीभर पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम तुरटीपासून सुरुवात करून किती लागते ते बघा. निवळलेलं पाणी, तेलाचा तवंग नसेल आणि पीएच पट्टी 5.5 ते 9 मध्ये असेल तर, वॉर्डच्या ड्रेनेज विभागाची परवानगी घेऊन आपल्या जागेतल्या ड्रेनेज चेंबरमध्ये सोडा. सेप्टिक टँकमध्ये नको. सोसायटीच्या एसटीपीत सोडायचं तर ऑपरेटरला विचारून, थोडं थोडं. एकदम ओतलं की हवा सोडायच्या टाकीत फेसाचा डोंगर होतो.

तळाचा काळा गाळ आणि तेलकट पॅड घंटागाडीत देऊ नका. तेल असलेले अवशेष घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांतल्या यादीत आहेत. ते झाकणाच्या डब्यात साठवा आणि तळोजा किंवा रांजणगावसारख्या घातक कचरा केंद्राकडे आधीच माल पाठवणाऱ्या गॅरेजबरोबर पाठवायची सोय करा.