मामांचा फॉरवर्ड आणि मुलुंडचा जकात नाका

काल रात्री साडेअकराला फॅमिली ग्रुपवर मामांचा मेसेज पडला. वर ठळक अक्षरात "सर्वपक्षीय बैठक म्हणजे सर्वपक्षीय लूट", खाली सात मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि "किमान दहा जणांना पाठवा". हाच मेसेज आठवडाभर सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता, तिथे मी सोडून दिलं, कुठे रोज रोज डोकं लावायचं. पण मामा? भांडुपला हार्डवेअरचं दुकान, त्यांची जीएसटीची रिटर्न्स दर महिन्याला मी भरते, ती पण बिलं मागून मागून तोंडाला फेस आल्यावर, आणि ज्या टेबलावर हा सगळा कर ठरला ते टेबलच मोडीत काढा म्हणून तेच पाठवतायत. म्हणून आता सविस्तर, आणि ग्रुपवर नाही तर इथेच, कारण ग्रुपवर लिहिलं की मामी फोन करते.

पहिला मुद्दा, "वेगवेगळ्या पक्षांचे नेते एकत्र बसून या देशात आजवर एकही काम झालेलं नाही."

मामा, तुमचा टेम्पो भिवंडीहून माल घेऊन यायचा तेव्हा मुलुंडच्या जकात नाक्यावर किती वेळ थांबायचा? मला आठवतंय, मी शाळेत होते, तुम्ही दुकानातून ड्रायव्हरला फोन लावून शिव्या घालायचात आणि तो बिचारा म्हणायचा शेठ पुढे अजून पन्नास गाड्या आहेत. दलालाचे पैसे वेगळे. तो नाका १ जुलै २०१७ ला बंद पडला. कुणी रागावून उठवला नाही तो, जीएसटी आला म्हणून जकात गेली. आणि जीएसटी कुठून आला तर बरोब्बर अशाच एका टेबलावरून.

जरा मागे जाऊ. नव्वदच्या दशकात प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा आणि राज्यांची आपसात नुसती चढाओढ, शेजारच्याने दर पाडला की आपण पाडायचा, त्याने कारखान्याला करमाफी दिली की आपण दुप्पट द्यायची, म्हणजे गिऱ्हाईक ओढायला दोन दुकानदारांनी तोट्यात माल विकायचा तसला प्रकार, आणि शेवटी तिजोरी सगळ्यांचीच रिकामी. नोव्हेंबर १९९९ मध्ये तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी मुख्यमंत्र्यांना एकत्र बसवलं आणि ठरलं की ठरावीक दराच्या खाली कुणीच जायचं नाही. ते नीट चालावं म्हणून २००० साली राज्यांच्या अर्थमंत्र्यांची एक समिती झाली. नाव अधिकारप्राप्त समिती, आणि गंमत म्हणजे अधिकार काडीचा नाही. कुठल्याही राज्याला हुकूम सोडता येत नव्हता, फक्त समजूत काढायची. त्या समितीने विक्रीकराच्या जागी व्हॅट आणला, १ एप्रिल २००५. मग पुढची दहा-अकरा वर्षं जीएसटीवर खल केला. ३ ऑगस्ट २०१६ ला राज्यसभेत घटनादुरुस्तीवर मतदान झालं तेव्हा बाजूने २०३ आणि विरोधात शून्य. अण्णाद्रमुकवाले सभात्याग करून गेले, तेही विरोधात मत न देता. एकही काम झालं नाही म्हणे.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबला. "अशा समितीचा अध्यक्ष कायम दिल्लीतल्या सत्ताधारी पक्षाचा, बाकीचे नुसते शोभेचे." हे लिहिणाऱ्याने एकदा, फक्त एकदा, अध्यक्षांची नावं बघायची होती. पहिले अध्यक्ष असीम दासगुप्ता, पश्चिम बंगालचे अर्थमंत्री, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. त्यांना बसवलं कुणी? वाजपेयींच्या सरकारने. भाजपने कम्युनिस्टाला! मग २००४ मध्ये केंद्रात काँग्रेस आली तरी तेच राहिले, थेट २०११ पर्यंत, जेव्हा बंगालमध्ये डाव्यांची सत्ताच गेली. त्यांच्या जागी काँग्रेसच्या काळात आले बिहारचे सुशीलकुमार मोदी, म्हणजे भाजपचे. पुढे काश्मीरचे नॅशनल कॉन्फरन्सवाले अब्दुल रहीम राथर, केरळ काँग्रेसचे के. एम. मणी, आणि २०१६ मध्ये, म्हणजे केंद्रात भाजप असताना, तृणमूलचे अमित मित्रा. पाच अध्यक्ष आणि पाचही असे की नेमले गेले तेव्हा दिल्लीतल्या मोठ्या सत्ताधारी पक्षाचा त्यात एकही नाही. फॉरवर्डमध्ये "कायम" लिहिलंय. हा "कायम" बरोब्बर उलटा आहे.

आणि हे मोठेपणा म्हणून केलं असं नका समजू, त्यात हिशोब होता. राज्यांना भीती ही की केंद्र आपला हक्काचा कर गिळेल. समोर केंद्राच्याच पक्षाचा माणूस बसला असता तर कुणी खरे आकडे टेबलावर ठेवलेच नसते. विरोधातला माणूस म्हणाला की बाबांनो यात आपलं नुकसान नाही, तर बाकीचे निदान ऐकून घेतात. आपल्याकडे भावाभावांच्या वाटणीला गावातला तिसराच माणूस बोलावतात ना, तसंच.

"कॅमेऱ्यासमोर भांडतात, आत सगळं सेटिंग." सेटिंग असतं तर व्हॅट एका दिवशी देशभर लागला असता. भाजपची राज्यं २००५ ला आलीच नाहीत, वर्षभर रुसून २००६ ला आली, तामिळनाडू २००७ ला आणि उत्तर प्रदेश १ जानेवारी २००८ ला. केंद्राने पहिल्या वर्षीचं नुकसान १०० टक्के, दुसऱ्या वर्षीचं ७५, तिसऱ्या वर्षीचं ५० टक्के भरून देतो म्हटलं तेव्हा कुठे गाडं सरकलं. आपल्यासारख्या कारखानदारीच्या राज्यांना जीएसटीची धास्ती वेगळीच होती, कारण त्यात कर माल बनतो तिथे नाही तर खपतो तिथे जमा होतो, म्हणून परत पाच वर्षांची भरपाई, दरवर्षी १४ टक्के वाढ धरून. कोविडमध्ये ती भरपाई अडली तेव्हा केरळ, पंजाब, बंगाल केंद्राच्या अंगावर धावून गेले आणि शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राला राज्यांसाठी १.१ लाख कोटी स्वतःच्या नावावर कर्ज काढायला कबूल व्हावं लागलं. याला तुम्ही सेटिंग म्हणा, मी घासाघीस म्हणते, आणि तुम्ही दिवसभर गल्ल्यावर बसून दुसरं काय करता?

"मोठी राज्यं लहान राज्यांना दाबतात" यावर जास्त लिहायची गरज नाही. जीएसटीचे दर जीएसटी परिषद ठरवते, तिथे केंद्र आणि राज्यांचे मंत्री बसतात. तिचं राज्यघटनेतलं कलम २७९अ काढून वाचा, दीड पानाचं आहे. केंद्राचं मत एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. राज्यांमध्ये प्रत्येकाचं वजन सारखं. म्हणजे अकरा कोटींच्या महाराष्ट्राचं जेवढं मत तेवढंच पंधरा लाखांच्या गोव्याचं. उलट तक्रार मोठ्यांचीच आहे, मे २०२१ मध्ये तामिळनाडूच्या अर्थमंत्र्यांनी हा हिशोब चुकीचा आहे म्हटल्यावर गोव्याच्या माविन गुदिन्हो यांच्याशी जी जुंपली ती पेपरात आली होती.

चहा-समोशाच्या खर्चाचा मुद्दा आहे, तो सोडून देते. खाऊ द्या समोसे.

आता तो शेवटचा, ज्याच्यासाठी बाकीचे सहा लिहिलेत. "सगळ्या समित्या बंद करा, एकाच खंबीर माणसाने ठरवावं, चोवीस तासात देश सुधारेल."

मामा, एकट्याने ठरवलेला कर तुम्ही पाहिलाय हो. एलबीटी, म्हणजे जकातीच्या जागी आणलेला स्थानिक संस्था कर, आठवतो का? राज्य सरकारने ठरवलं, व्यापाऱ्यांना नीट विचारलं नाही, २०१३ च्या उन्हाळ्यात मुंबईची दुकानं दिवसेंदिवस बंद, तुम्ही स्वतः शटर ओढून मोर्चाला गेला होतात आणि घरी येऊन उन्हाने डोकं धरून बसला होतात. मुंबईत तो कधी लागूच झाला नाही, आणि जिथे लागला होता तिथेही ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या खालच्या उलाढालीला काढून टाकावा लागला. चोवीस तासात ठरलेल्या गोष्टी दोन वर्षांत अशा गुंडाळाव्या लागतात. शिवाय विक्रीकर हा घटनेनेच राज्यांचा विषय होता, दिल्लीतल्या कितीही खंबीर माणसाने टेबलावर मूठ आपटली असती तरी तो एका रात्रीत एक झाला नसता. मुंबई पालिकेचं सगळ्यात मोठं उत्पन्न जकातीचं, ते बुडालं तर पालिका चालणार कशी याचंही उत्तर बसूनच काढावं लागलं, राज्याने भरपाईचा कायदा केला तेव्हा नाका सुटला.

आणि जीएसटी परिषद दर बैठकीत मतं मोजत बसते असंही नाही. पहिल्या ३७ बैठका एकदाही मतदान न होता झाल्या. पहिलं मतदान डिसेंबर २०१९ मध्ये, तेही लॉटरीवरच्या करावर, २१ विरुद्ध ७. तुमच्या दुकानातला रंग २८ वरून १८ वर आला जुलै २०१८ मध्ये, त्याच बैठकीत सॅनिटरी पॅडवरचा कर शून्य झाला. सिमेंट सप्टेंबर २०२५ मध्ये २८ चं १८ झालं तेव्हा तुम्हीच पेढ्यांचा फोटो टाकला होतात ग्रुपवर. कुणी ठरवलं ते? समोसे खाणाऱ्यांनीच.

बरं, एक मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, पाचवा, पेट्रोलचा. "सगळे पक्ष एक झाले म्हणून पेट्रोल महाग." हे अर्धं खरं आहे, आणि लिहिताना माझा हात जड होतोय. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही कारण केंद्र आणि राज्यं दोघांचीही त्यावरची कमाई सुटत नाही, आणि सप्टेंबर २०२१ ला लखनौच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा आत्ता वेळ नाही म्हणून सगळ्यांनी गुपचूप मिटवला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे त्या दिवशी एकमत. अजून एक, दर तिमाहीत एकदा तरी बसायचं असा नियम असताना ऑक्टोबर २०२० नंतर थेट मे २०२१ मध्ये बसले, ऐन कोविडमध्ये. आणि त्या तीन चतुर्थांशाच्या हिशोबात केंद्र एकटं नाही म्हणालं तरी विषय संपतो, सगळी राज्यं एक झाली तरी. हे चूकच आहे, मी नाकारत नाही.

पण यासाठी भांडायचं तर मेसेज वेगळा लिहावा लागेल. बैठकीचं इतिवृत्त महिनोन्महिने न रखडता लगेच वेबसाइटवर टाका, पेट्रोलवर कुठलं राज्य काय बोललं ते नावानिशी सांगा, तिमाहीत एकदा बसा म्हणजे बसा. असं लिहून पाठवा मामा, मी स्वतः दहा जणांना ढकलते. आणि गेल्या महिन्याची खरेदीची बिलं अजून आलेली नाहीत, उद्या दुपारपर्यंत पाठवा, नाहीतर लेट फी तुमची.