उत्पन्न सगळे सांगतात, शिल्लक कोण सांगणार?

आज सकाळपासून एकच फॉरवर्ड तीन ग्रुपांवर आलाय. निळ्याशार पाण्याचा फोटो, त्यावर 'तुमचा प्रत्येक दुसरा श्वास समुद्र देतो', आणि खाली तोडगा: समुद्रात लोखंडाची पूड टाका, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढवा, हवामानबदल संपला. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. डोकं फिरलंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं फार चिवट असतं. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला जवळपास निम्मा वाटा समुद्रातल्या वनस्पती-प्लवकांचा, हे बरोबर. वर्षाला साधारण 50 अब्ज टन कार्बन. आणि हे काम करणाऱ्या सगळ्यांचं एकूण वजन, कार्बनमध्ये मोजलं तर, जेमतेम 1 अब्ज टन. म्हणजे आठवडाभरात अख्खा माल बदलतो. जुना कुठे जातो? खाल्ला जातो, कुजतो. तयार झालेला ऑक्सिजनही बहुतेक त्या खाण्या-कुजण्यातच खर्ची पडतो. हवेतला ऑक्सिजन ही कोट्यवधी वर्षांची पुंजी आहे, कालच्या प्लवकाने पाठवलेला डबा नव्हे.

आता लोखंड. बाबांनो, हे करून झालंय! 2009 साली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था, दोघांनी मिळून. प्रयोगाचं नावच 'लोहाफेक्स', त्यातला लोहा आपलाच. दक्षिण अटलांटिकमधला एक भोवरा निवडला, कारण भोवऱ्याच्या पोटातलं पाणी लवकर विखुरत नाही. सुमारे 300 चौरस किलोमीटरचा पट्टा, त्यात काही टन लोह. आणि 'पूड टाका' म्हणणाऱ्यांसाठी: पूड चालत नाही. अशा प्रयोगांत फेरस सल्फेट आम्ल घातलेल्या समुद्राच्या पाण्यात विरघळवून जहाजाच्या मागे सोडतात. साध्या समुद्राच्या पाण्यात लोह बघता बघता गंजून कणांच्या रूपात खाली बसतं, प्लवकाच्या तोंडी लागायच्या आत.

मग काय झालं? प्लवक वाढलं. दोन आठवड्यांत दुप्पट. फॉरवर्डवाला इथेच थांबतो.

ते उत्पन्न झालं. शिल्लक बघायची तर कशी बघतात, तेही सांगतो. सगळ्यात जुनी रीत उजेड-अंधाराच्या बाटल्यांची. एकाच पाण्याच्या तीन काचेच्या बाटल्या भरायच्या, रबरी नळी तळाशी टेकवून, पाणी बाटलीच्या दोन-तीन पट ओसंडू द्यायचं, म्हणजे हवेचा बुडबुडा राहत नाही. एकीतला ऑक्सिजन लगेच मोजायचा, एक उजेडात ठेवायची, एक काळ्या कागदात गुंडाळून अंधारात. 24 तासांनी उरलेल्या दोघींतला मोजायचा: आधी मँगनीजचं द्रावण, मग अल्कली-आयोडाइड. तपकिरी गाळ धरतो, तो जितका गडद तितका ऑक्सिजन जास्त. आम्ल घातलं की गाळ विरघळून पिवळं पाणी होतं. थायोसल्फेटने ते फिकं करत न्यायचं, शेवटी स्टार्च घालायचा आणि निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. एक बुडबुडा राहिला की सगळा हिशेब फुकट. अंधारातल्या बाटलीत ऑक्सिजन कमी झालेला असतो, तो झाला खर्च; उजेडातलीत जो वाढला, ती शिल्लक. खुल्या समुद्रातल्या गरीब पाण्यात जमा आणि खर्च इतके जवळ येतात, की फरक मोजण्याच्या चुकीतच बुडून जातो. म्हणून तर 1952 साली किरणोत्सारी कार्बन-14 ची पद्धत आणावी लागली.

खर्च करणारे दिसतही नाहीत, हे मला अजून अद्भुत वाटतं. एका मिलिलीटर पाण्यात पाच-दहा लाख जीवाणू, आणि त्यांच्या दहापट विषाणू. 0.6 मायक्रॉनचा प्रोक्लोरोकॉकस नावाचा जीवाणू 1980च्या दशकापर्यंत कुणाला ठाऊकच नव्हता, आणि संख्येने पाहिलं तर प्रकाशसंश्लेषण करणाऱ्यांत त्याच्याइतका जीव पृथ्वीवर दुसरा नाही. विषाणूने पेशी फोडली की तिच्यातला ऐवज विरघळून पाण्यात येतो, जीवाणू तो उचलतात, त्यांना एकपेशीय भक्षक खातात, प्रत्येक पायरीला कार्बन डायऑक्साइड सुटतो. माशापर्यंत थोडंच पोचतं, तळापर्यंत त्याहून थोडं. वर बनलेल्या शंभरातले साधारण दहा भाग उजेडाच्या थराखाली उतरतात, 1000 मीटरच्या खाली जेमतेम एक.

त्या एका भागाला कमी लेखू नका मात्र. 100 मीटरवर कुजलेला कार्बन हिवाळ्यातल्या घुसळणीत पुन्हा वर येतो. 1000 मीटरखाली गेलेला शतकानुशतकं येत नाही. कार्बन खाली नेणारा हा पंप नसता तर हवेत आणखी दीडशे-दोनशे पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) कार्बन डायऑक्साइड असता.

तर लोहाफेक्स. तिथे डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाची सूक्ष्म शैवालं, वाढलेच नाहीत. डायटमला कवचासाठी सिलिका लागते, आणि त्या पाण्यातली सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवलेली होती. वाढली ती बिनकवचाची बारीक शैवालं. कोपेपॉडांनी (झिंग्यांच्या नात्यातले इवले जीव) ती चरून टाकली, कोपेपॉडांना ॲम्फिपॉडांनी (त्यांच्याहून मोठे भाऊबंद) खाल्लं. खोलवर गेला तो अगदी नगण्य कार्बन. शेतात कसं, नत्र भरपूर आणि स्फुरद नाही तर युरियाच्या गोणीने काय होणार? समुद्रात पालाशची ददात नाही एवढंच, बाकी नियम तोच: कार्बनच्या 106 अणूंना नत्राचे 16, स्फुरदाचा 1, चिमूटभर लोह, आणि डायटम हवे असतील तर सिलिका.

हो, 2004च्या आयफेक्स नावाच्या अशाच लोहाच्या प्रयोगात डायटम फुलले आणि बहरातला निदान निम्मा कार्बन 1000 मीटरखाली गेला. मान्य. सिलिका होती म्हणून. आणि तिथे वापरलेलं नत्र-स्फुरद पुढे प्रवाहासोबत ज्या पाण्याला मिळायचं होतं, त्याचं काय? ते फॉरवर्डमध्ये नसतं.

कुणी 'आम्ही समुद्रात इतका कार्बन पुरला' म्हणालं तर सापळ्याबद्दल विचारा. खाली पडणारा माल पकडायला पाण्यात फनेलसारखे सापळे टांगतात, तळाच्या बाटलीत फॉर्मलिन (नमुना कुजू न देणारं द्रावण). जिवंत कोपेपॉड पोहत पोहत त्यात शिरतात आणि तिथेच मरतात. ते पडलेले नसतात, आलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बसून चिमट्याने एकेक वेचावा लागतो, तासन् तास. न वेचता वजन केलं की आकडा फुगतो, आणि कागदावर समुद्र भलताच कार्यक्षम दिसतो.