३४ दातांचं चक्र कशासाठी?

काका, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा शर्यतीत उतरणाऱ्याला मी ॲल्युमिनियमची फ्रेम, २८ मिलिमीटरचे टायर आणि मागे ३४ दातांचं मोठं चक्र सुचवलं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की ही फिरायला जायची सायकल झाली. तुम्ही म्हणता, “आम्ही पुढच्या ५३ आणि ३९ दातांच्या चक्रांवर घाट मारले.” आणि सायकलपटू महाजन बंधूंच्या नाशिकात असले सल्ले शोभत नाहीत.

आधी गिअरबद्दल, कारण खरा मतभेद तिथेच आहे. तुमच्या वेळचा सर्वांत हलका गिअर पुढे ३९ दात, मागे २५ धरू. पेडलच्या एका फेऱ्याला सायकल जवळपास सव्वातीन मीटर जाते. नांदुरीहून सप्तशृंगी गडाकडे चढताना वेग ताशी १० किलोमीटरवर आला, की मिनिटाला जेमतेम ५० फेरे पडतात. विशीतल्या गुडघ्यांनी ते सोसलं. पंचेचाळिशीत, मधली वर्षं खुर्चीत गेलेली असताना, तेच गुडघे महिनाभरात दुखायला लागतात आणि सराव बंद पडतो. पुढे ३४, मागे ३४ असेल तर त्याच वेगाला ८०च्या आसपास फेरे पडतात आणि पेडलवर द्यावा लागणारा दाब तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरतो. सपाटीवर यात काही गमवावं लागत नाही. उलट पुढच्या मोठ्या चक्रावरचा आजचा ५०-११ (पुढे ५० दात, मागे ११) हा तेव्हाच्या ५३-१२ पेक्षा जड पडतो. ९० फेऱ्यांना ताशी ५१ किलोमीटर. शर्यतीत परतताना याहून जास्त काय हवं?

कार्बनची फ्रेम वाईट नाही. पण त्यातून एक किलो वाचलं, तर माणूस आणि सायकल मिळून ८५ किलोंमधलं एक किलो वाचलं. तासाभराच्या चढात साधारण ४० सेकंद. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे पहिल्याच वर्षी घालू नयेत, हे मी पुन्हा सांगेन.

टायरचं म्हणाल, तर टूर द फ्रान्समध्येही आता २८ सर्रास दिसतात. १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला बारीक टायर पावसाळ्यानंतरच्या दिंडोरी रोडवर उड्या मारतो आणि ती ताकद अंग हादरण्यात जाते. ७५ किलोंच्या माणसाला २८ मध्ये ७०च्या आसपास हवा पुरते.

उंच कडांच्या रिम्सनी हवा कमी अडते, हे तुमचं बरोबर आहे. सपाटीवर ताशी ३० च्या पुढे बहुतेक मेहनत हवा कापण्यातच जाते. पण हवा सर्वांत जास्त अडते ती माणसाच्या अंगाला. म्हणून तुम्ही ज्याला फॅड म्हणता, त्या फिटिंगवर, म्हणजे अंगाच्या मापाने सायकल जुळवून घेण्यावर, मी आधी खर्च करायला सांगितलं. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर. तिथे पाठ, मान आणि तळहात टिकले तरच पाय चालतात.

नवी सायकल घेणाऱ्यांना एक विनंती. दुकानात हॅण्डलखालचे स्पेसर (उंची देणाऱ्या कड्या) काढून स्टीअररची नळी, म्हणजे हॅण्डल ज्यावर बसतं ती नळी, लगेच कापू देऊ नका. जुन्या फोटोतल्यासारखं वाकायचा मोह होतो, पण कंबर तेवढी वाकायला वेळ लागतो आणि कापलेली नळी पुन्हा वाढत नाही. दोन-तीन महिने गंगापूर रोड, त्र्यंबक रोड करा, एकेक स्पेसर वर सरकवत हॅण्डल खाली आणा, मग कापा.

राहता राहिली तुमची जुनी स्टीलची फ्रेम. ती मुळीच टाकू नका. मागच्या चाकाच्या जागेचं आतलं अंतर मोजा. १३० मिलिमीटर असेल तर आजचं रिम ब्रेकचं चाक सरळ बसेल. १२६ असेल तर चांगला कारागीर स्टील तेवढं रुंद करून देतो. ॲल्युमिनियम किंवा कार्बनवर हा प्रयोग कधीच करायचा नाही. ब्रेक आणि टायर यांच्यात किती जागा उरते तेही बघा, बऱ्याच जुन्या फ्रेममध्ये २५ च्या वर टायर मावत नाही. दोन्ही मापं इथेच कळवा, कोणती कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसेल ते सांगतो.