शॉपिंग सेंटर पाडायच्या आधी टेप घेऊन गाळे मोजा

नगरपालिकेचं जुनं शॉपिंग सेंटर पाडून नवं बांधायचं ठरलं की सगळ्यात आधी चौकात फ्लेक्स लागतो. काचेची इमारत, खाली पार्किंग, वर तीन मजले दुकानं, सरकते जिने, पुढे कारंजं. आज ओळीत चौथ्या गाळ्यात बसणारा बांगडीवाला उद्या कुठे बसणार, हे मात्र फ्लेक्सवर नसतं, नकाशातही नसतं, आणि बहुतेक वेळा ठरलेलंही नसतं. असले प्रकल्प रखडतात ते पैशापायी कमी आणि यापायी जास्त. व्यापारी संघाच्या मंडळींनी आणि नगरसेवकांनी, दोघांनीही वाचावं म्हणून लिहितोय. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी एक शंका. इमारत खरंच पाडायची गरज आहे का? 30 वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) कायद्याने करावंच लागतं, पण ते कसं झालंय ते बघा. नुसता रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळीवरून त्याचा कडकपणा सांगणारं हातातलं यंत्र) मारून ‘सी-1’, म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा, असा शेरा मारणारेही आहेत. हॅमर फक्त पृष्ठभागाबद्दल सांगतो, आणि तोही दोन्हीकडून फसवतो: ओल असेल तर आकडा कमी, कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने, वरचा थर कडक झाला असेल तर जास्त. कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, कापून काढून दाबून पाहिले का? ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन (काँक्रीटमध्ये अल्कली शिल्लक असेल तर गुलाबी होणारं रसायन) फवारलं का? गुलाबी रंग आला तर ठीक. सळईपर्यंत रंगच आला नाही, तर सळईला गंजापासून वाचवणारं काही उरलेलं नाही. ‘सी-2बी’ म्हणजे लोक आत असताना दुरुस्त होऊ शकणारी इमारत. तिला सी-1 दाखवण्यात कुणाचा फायदा आहे, हे भर सभेत विचारा.

आणि एकदा गच्चीवर जाऊन या. दर गळतीला जुन्या कोब्यावर (गळती रोखायला टाकलेल्या थरावर) नवा कोबा, असे दोन-तीन थर सापडतील. विटांच्या तुकड्यांचा 10 सेंटिमीटर कोबा म्हणजे चौरस मीटरला जवळपास 200 किलो. जिथे माणसं जाऊ शकतात त्या गच्चीचा हिशेब वापराच्या भारापोटी 150 किलोचा धरलेला असतो. म्हणजे दुरुस्तीच इमारतीच्या डोक्यावर बसलेली असते. त्यात पन्हाळीच्या तोंडाशी पिंपळ.

पाडायचंच असेल तर पहिलं काम यादी. एका गाळ्याला तीन-तीन नावं निघतात: रजिस्टरमध्ये मूळ लिलावात घेणारा, प्रत्यक्ष ताबा असणारा, आणि त्याचा पोटभाडेकरू. मधली भिंत काढून दोनाचा एक केलेले गाळे वेगळेच. पोटमाळे तर सगळ्यांनीच टाकलेत. त्यामुळे पालिकेचा माणूस आणि गाळेधारक, दोघांनी मिळून टेपने आतून आतून मोजायचं, शटरवर नंबर रंगवायचा, शटरसकट फोटो, जागेवर पंचनामा, त्यावर दोघांच्या सह्या. मग यादी नोटीस बोर्डावर लावायची, हरकती ऐकायच्या आणि एका तारखेला गोठवायची. त्यानंतर नवं नाव नाही. यात तीन-चार महिने जातात. जाऊ द्या. गाळ्यांच्या मुदतीचा आणि भाड्याचा प्रश्न अंगावर ठेवून पुढे गेलं की काय होतं ते जळगावने दाखवलंय: महापालिकेच्या मार्केटांमधल्या गाळ्यांच्या भाडेपट्ट्याची मुदत 2012 मध्ये संपली आणि भांडण दहा वर्षांहून जास्त पुरलं. राज्य सरकारच्या 2019 च्या नियमांनी महापालिकांच्या गाळ्यांना बाजारमूल्याच्या किमान 8 टक्के भाडं लावलं, तेही पेललं नाही आणि पुढे खाली आणावं लागलं. नव्या गाळ्याचं भाडं कशावर काढणार, हे पाडण्याआधी कागदावर हवं.

आता नकाशा. इथे सगळ्यात मोठी चूक होते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती खांबांच्या अंतरात लपलेली असते. आर्किटेक्ट खांब लावतो तळघरातल्या गाड्यांच्या हिशेबाने. एका गाडीला अडीच मीटर, तीन गाड्या साडेसात, त्यात 60 सेंटिमीटरचा खांब, म्हणजे खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत 8.1 मीटर. गाड्या छान बसतात. वर त्याच अंतरात तीन गाळे टाकले की प्रत्येकी 2.7, भिंत वजा करून आतून 2.55 मीटर. म्हणजे दहा फुटांचा गाळा आठ फूट चार इंचांचा झाला! सराफाचं काउंटर, मागची तिजोरी आणि गिऱ्हाइकाचं स्टूल त्यात बसत नाही. दोनच गाळे टाकले तर ते तेरा फुटांचे होतात आणि ओळीतला दर पाचातला एक दुकानदार मागच्या बाजूला फेकला जातो. उलटं करा. दहा फुटी गाळा म्हणजे 3.05 मीटर, भिंतीसह 3.2, दोन गाळ्यांचे 6.4. खांब 6.4 वर लावा. खाली खांबांमध्ये 5.8 मीटर मोकळे राहतात, दोन गाड्या आरामात बसतात. पार्किंग थोडं कमी होईल. होऊ दे. खांब भिंतीच्या रेषेत येतात, शटरच्या मधोमध नाही.

दुसरी चूक जोत्याची. तळघराला वारा-उजेड मिळावा म्हणून ते अर्धं वर काढतात आणि तळमजला रस्त्यापासून 1.2 मीटर उचलला जातो. म्हणजे 15 सेंटिमीटरच्या आठ पायऱ्या. हातात पिशवी आणि कडेवर पोर असलेली बाई आठ पायऱ्या चढून टाचणीचं पाकीट घ्यायला येत नाही. ती समोरच्या हातगाडीवर घेते. जोतं दोन-तीन पायऱ्यांच्या वर नको, आणि शेजारी रॅम्प हवाच.

तळघराचा हट्टही तपासून घ्या. 1:10 उताराने तीन मीटर खाली जायला 30 मीटर लांबीचा रॅम्प लागतो, म्हणजे रस्त्याकडेच्या सगळ्यात मोलाच्या जागेतला मोठा तुकडा गेला. शेजारी दगडी पायाचे जुने वाडे असतील तर खणताना पाणी उपसलं की त्यांच्या पायाखालची मातीही निघून येते आणि भिंतींना तडे जातात. आधी शेजारच्यांच्या भिंतींचे तारखेसह फोटो, मग बाजूला आधार, मग टप्प्याटप्प्याने खोदाई. रॅम्पच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा 30 सेंटिमीटर उंच उंचवटा आणि जाळीची आडवी गटार नसेल, तर पहिल्या मोठ्या पावसात तळघराचं तळं होतं. पंप जनरेटरवर हवा. पाणी भरतं तेव्हाच वीज गेलेली असते.

वरच्या मजल्यांबद्दल फार लिहीत नाही. तालुक्याच्या गावात दुसऱ्या मजल्यावरचे गाळे कबुतरांसाठी असतात. वर दवाखाने, क्लासेस, पालिकेचा करभरणा, बँक द्या. त्यांचा जिना थेट रस्त्यावरून हवा. सरकत्या जिन्याच्या देखभालीचा खर्च कोण देणार हे ठरत नाही तोवर त्याचं नाव काढू नका.

पर्यायी शेड हा पाडापाडीच्या आधीचा विषय, नंतरचा नाही. समजा 120 गाळे आहेत, तर त्यांना 8 बाय 10 फुटांची शेड म्हणजे 9,600 चौरस फूट, आणि वाटा, पाणी, आगीच्या बंबाला जागा धरून साधारण 18 गुंठे. ती चालत पाच मिनिटांच्या आत हवी. गावाबाहेरच्या मैदानात दिली तर ती रिकामीच राहते आणि दुकानदार रस्त्यावर येतो. रिकामं करायचा मुहूर्त दिवाळीनंतरचा. उन्हाळ्यात, लग्नसराई उरकल्यावर ताबा घेतला की खोदाई थेट पावसात सापडते. दिवाळी झाल्यावर घेतला तर जून उजाडायच्या आत जोतं वर येतं. एक लग्नसराई शेडमध्ये जाते, पण खड्डा कोरडा राहतो.

विजेचं एकच: 120 गाळे, प्रत्येकी 5 किलोवॅट, सगळं एकदम चालत नाही म्हणून निम्म्याहून थोडं जास्त धरलं तरी 330 किलोवॅट होतात. ट्रान्सफॉर्मरची जागा नकाशात पहिल्या दिवशी दाखवा, नाहीतर शेवटी तो दर्शनी गाळ्यासमोर उभा राहतो. मीटरचं पॅनेल जिन्याखाली नको. तिथे उद्या खोकी रचली जाणारच. बायकांचं स्वच्छतागृह पुढच्या बाजूला आणि पगारी माणसासह हवं. मागे ठेवलं की वर्षभरात कुलूप आणि मग गोदाम.

करारनामा नोंदणीकृतच करा, आणि त्यात क्षेत्रफळ कार्पेटमध्ये, म्हणजे भिंती सोडून आतल्या वापरायच्या जागेचं, लिहा. शेडचं भाडं कोण भरणार, काम लांबलं तर दरमहा किती भरपाई, पहिल्या मजल्यावर गेलेल्याला भाड्यात किती सूट, हे आकड्यांत. सामायिक खर्चाचं वेगळं खातं. दर मे महिन्यात पन्हाळी साफ करण्याचं काम कोणाचं, आणि गच्चीची किल्ली कोणाकडे, हेही त्यातच.