फियाटमधील नेमणुका

मामांची १९६६ सालची फियाट इलेव्हन हंड्रेड लग्नासाठी पुण्याहून वाईला निघते, तेव्हा तीत प्रवासी म्हणून कोणीच बसत नाही. प्रत्येकाची कोणत्या ना कोणत्या पदावर नेमणूक झालेली असते. मामींकडे पाणीपुरवठा खाते असल्याने त्यांच्या पायाशी भरलेले कॅन असतात. मावसभाऊ मागचा डावा दरवाजा धरून बसतो, कारण तो दरवाजा वळणावर स्वतंत्र विचार करू लागतो. माझ्या मांडीवर चाकामागे लावायचा दगड असतो. तो घरूनच न्यावा लागतो. घाटातल्या दगडांवर मामांचा विश्वास नाही.

५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या क्रमांकाची सोय केली. मामांनी तो घेतला नाही, कारण मग गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. आपला प्रत्येक प्रवास या पाचांपैकी निदान चार कारणांत बसतो, असे मी नम्रपणे सुचवले, तेव्हा मामा म्हणाले, “तू दगडाकडे लक्ष दे.”

शिरवळपर्यंत ते १०८९ सीसीचे इंजिन आदबीने वागते. खंबाटकी घाटात मात्र मामा स्टिअरिंगजवळच्या दांड्याने गिअर खाली खाली आणत जातात, वेग घटतो, बॉनेटखाली वारा पोहोचेनासा होतो, आणि इंजिनालाच चिकटलेला पेट्रोलचा पंप इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते. मग पंप पेट्रोलऐवजी वाफच ओढत बसतो आणि गाडी चार आचके देऊन थांबते. यावर ओले फडके हाच उपाय आहे. या खेपेस फडके घरी राहिल्यामुळे व्याह्यांना द्यायच्या टॉवेल-टोपीतला टॉवेल पंपाला गुंडाळला गेला. टोपी मामांनी उन्हासाठी घातली. आता आहेरात उरला तो फक्त नारळ.

थांबलेल्या फियाटभोवती गर्दी लगेच जमते. “आमच्या बाबांकडे हीच होती,” असे सांगणारे सर्वजण फोटो काढतात, पण पाण्याचा कॅन धरायला हात कोणाचाच मोकळा नसतो. त्यातल्याच एका गृहस्थांनी गाडी विकायची आहे का, असे विचारले आणि मामांनी तोंड उघडण्यापूर्वीच मामी “हो” म्हणाल्या. त्यानंतर वाईपर्यंत मामा कोणाशीही बोलले नाहीत, आणि गाडी एकदाही बंद पडली नाही.