बेचाळिसाव्या वर्षापर्यंत लष्करात अधिकारी? खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'वयाच्या 42 पर्यंत थेट लष्करात अधिकारी, कायम नोकरी, कागदपत्रे घेऊन मराठा सेंटरला (बेळगावातलं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र) या.' हे खरं नाही.

42 ची मर्यादा आहे ती टेरिटोरियल आर्मीची, म्हणजे लष्कराच्या अर्धवेळ राखीव दलाची. तिथे पदवीधराला लेफ्टनंट म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळू शकतं, वर्दी तीच, मानही तोच. पण ती पूर्णवेळ नोकरी नव्हे. उलट अट अशी की तुमचा स्वतःचा नोकरी-धंदा आधीपासून असला पाहिजे. तो सांभाळून वर्षातले ठरावीक दिवस प्रशिक्षण घ्यायचं आणि बोलावणं आलं की रुजू व्हायचं. म्हणजे बेकारीवर हा उपाय नाही, आणि नेमकं हेच मेसेजमध्ये दडवलंय. तिशी ओलांडलेली पोरं त्यावर हातातलं काम सोडायला निघालीत, म्हणून एवढं कळकळीनं लिहितोय.

आपल्याकडे टेरिटोरियलचे भरती मेळावे होतात ते जवानांसाठी. अधिकाऱ्यांची वाट वेगळी: ऑनलाइन अर्ज, लेखी परीक्षा, मुलाखत, मग एसएसबी (अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्या) आणि वैद्यकीय तपासणी.

'पंचविशीनंतर सगळं संपलं' असं काहीजण म्हणतात, तेही चूकच. सीडीएस या यूपीएससीच्या परीक्षेतून चेन्नईच्या ओटीएला (अधिकारी प्रशिक्षण अकादमीत) 25 पर्यंतच जाता येतं, हे खरं. पण इंजिनिअर आणि कायद्याच्या पदवीधरांना शॉर्ट सर्व्हिसमध्ये (ठरावीक वर्षांपुरत्या अधिकारीपदावर) 27 पर्यंत संधी असते, डॉक्टरांना त्याहून पुढे. वय कोणत्या तारखेला मोजणार, ते त्या-त्या जाहिरातीत दिलेलं असतं. अर्जाआधी दहावीच्या दाखल्यावरची जन्मतारीख त्याच्याशी ताडून बघा.